टर्नवरचा ब्लफ : कापसाच्या हंगामातील नोंद

या महिन्याची नोंद मुख्यतः पोकरमधल्या टर्नवरच्या ब्लफबद्दल आहे. या खेळात प्रत्येकाच्या हाती दोन पत्ते असतात आणि टेबलावर सर्वांसाठी आधी तीन पाने (फ्लॉप), मग चौथे (टर्न) आणि शेवटी पाचवे (रिव्हर) उघडते; दर टप्प्यावर बेट लावता येते. हलके पत्ते असताना बेट लावून समोरच्याला पळवणे, म्हणजे पत्ते टाकायला लावणे, हा ब्लफ. टेबल तेच आहे : यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या काही गावांतली मंडळी, वेचणी चालू असल्यामुळे रात्री जेवणानंतरच जमणारी, आणि पंपाला रात्रीची लाइन असलेल्या आठवड्यात ओलित करता करता धुऱ्यावरून मोबाइलवर खेळणारी. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणल्यापासून आम्ही फुकट चिप्सच्या खासगी टेबलावरच खेळतो, आणि टेबलाबाहेरही पैशांचा कोणताच हिशेब ठेवत नाही. फुकट चिप्सची किंमत कोणालाच वाटत नाही, म्हणून प्रत्येकाला महिन्याला ठरावीक चिप्स द्यायच्या आणि त्या संपल्या की पुढच्या महिन्यापर्यंत त्याने नुसते बघत बसायचे, असा नियम आम्ही केला. हा नियम नसता तर ब्लफबद्दल लिहिण्यात अर्थच नव्हता, कारण ज्याला गमावण्यासारखे काही नाही तो पत्ते टाकत नाही. आता मात्र हे टेबल पूर्वीच्या एक-दोन रुपये ब्लाइंडच्या (डावाआधी दोघांनी सक्तीने लावायच्या लहान-मोठ्या रकमेच्या) टेबलासारखेच वागते.

आमच्यातल्या बहुतेकांचा हात तीन पत्तीवर बसलेला आहे. पोळ्याच्या सुमारास गावोगावी जे डाव रंगतात त्यांतूनच तो बसला. तीन पत्तीत पुढे येणारे पान नसते, हाती आले ते आले, आणि शेवटी दोघेच उरले की शो मागून समोरच्याचे पत्ते पाहता येतात. त्यामुळे ‘एवढे टाकले आहे, तर आता पाहूनच जाऊ’ ही वृत्ती अंगात मुरते. रिव्हरवरचा कॉल (समोरच्याएवढीच बेट भरणे) हा अशा खेळाडूच्या लेखी शोच असतो, आणि बादशहाची जोडी हाती धरून इथवर आलेला माणूस शो सोडून देईल अशी आशा करणे व्यर्थ आहे. फ्लॉपवर तो काहीही घेऊन कॉल करतो, कारण बेट लहान असते आणि दोन पाने यायची असतात. टर्नवर मात्र बेट मोठी झालेली असते, शो अजून दूर असतो आणि रिव्हरला आणखी एक बेट भरावी लागेल हे त्याला दिसत असते. आमच्या टेबलावर पत्ते खऱ्या अर्थाने पडतात ते याच ठिकाणी.

एक डाव सविस्तर मांडतो. ब्लाइंड १ आणि २ चिप्स. बटनवर (फ्लॉपपासून सर्वांत शेवटी खेळणाऱ्या जागेवर) माझ्याकडे इस्पिकची नव्वी आणि इस्पिकची अठ्ठी होती. मी ६ केले, स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले आणि बिग ब्लाइंडने कॉल केला. पॉट (मधे जमलेल्या चिप्स) १३. फ्लॉपवर इस्पिकचा बादशहा, बदामची सत्ती आणि इस्पिकची दुर्री आली. त्याने चेक केले (काही न लावता पाळी पुढे दिली), मी ५ लावले, त्याने कॉल केला आणि पॉट २३ झाला. टर्नवर चौकटची छक्की पडल्यावर फ्लशच्या (पाचही पाने इस्पिकची होण्याच्या) नऊ पानांखेरीज दश्शी किंवा पंजी आली तरी सरळ क्रम लागणार होता. दोन्हींत मोजली जाणारी इस्पिकची दश्शी आणि पंजी एकदाच धरली, तर उपयोगाची पाने पंधरा होतात. न दिसलेल्या ४६ पानांपैकी पंधरा म्हणजे ३२.६ टक्के.

आता १५ लावायचे की फुकटात रिव्हर पाहायचा? हाती काहीच नसते तर १५ ची बेट फायद्यात येण्यासाठी तो १५ भागिले ३८, म्हणजे जवळजवळ ४० टक्के वेळा पळायला हवा होता. परंतु पंधरा पाने हाताशी असताना गणित फार बदलते. त्याने कॉल केला तरी ३२.६ टक्के वेळा ३८ चिप्स मिळतात आणि उरलेल्या वेळी १५ जातात, म्हणजे सरासरी २ चिप्सहून थोडा अधिक फायदाच राहतो. चेक करून फुकटात पान पाहण्याची किंमत २३ चे ३२.६ टक्के, म्हणजे साडेसात चिप्स. दोन्हींची तुलना केली की बेट सरस ठरण्यासाठी त्याने साधारण चारांतून एकदा पत्ते टाकले तरी पुरते. यात तो उलट रेज करणार (बेट वाढवणार) नाही, रिव्हरवर कोणी बेट करणार नाही आणि त्याच्याकडे माझ्याहून मोठा फ्लश होणार नाही, असे गृहीत धरले आहे. तेवढी सूट देऊनही आमच्या टेबलावर टर्नवर चारांतून एक जण तरी पळतोच.

त्याने कॉल केला. रिव्हरला चौकटची तिर्री आली आणि पॉट ५३ झाला. इथे ३५ लावण्याचा मोह अनेकांना होईल, कारण नव्वीने शोमध्ये जिंकणे शक्यच नसते. मी चेक केले. ३५ च्या बेटला पुन्हा ४० टक्के यश लागते, आणि पळणार कोण, हे पाहिले तर उत्तर निराशाजनक आहे. जे पत्ते तो हमखास टाकेल ते म्हणजे त्याचे हुकलेले इस्पिक, आणि त्यांतली दोन पाने माझ्याच हातात आहेत. म्हणजे त्याच्याकडे पळण्याजोगे पत्ते असण्याची शक्यता मीच कमी करून बसलो आहे. हुकलेला फ्लश हा ब्लफसाठी उत्तम समजला जातो, पण रिव्हरवर तो बहुधा सर्वांत वाईट असतो. त्याने सत्तीची जोडी दाखवली आणि पॉट नेला. टर्नवरची बेट मी पुन्हा तशीच करीन.

टर्नवर एक्का पडला तर ब्लफ करावा का, असे काहींनी विचारले आहे. माझे मत असे की फ्लॉपच्या आधी रेज आपण केलेली असेल आणि समोर एकच जण असेल तर जरूर करावा, कारण रेज करणाऱ्याकडे एक्का असणे अधिक संभवते आणि मधल्या जोडीवाला (टेबलावरच्या मधल्या पानाशी जोडी जुळलेला) घाबरतो. समोर दोघे असतील तर नको. प्रत्येक जण ६० टक्के वेळा पळतो असे धरले तरी दोघेही पळण्याची शक्यता ३६ टक्के होते आणि तिघे असतील तर २२ टक्क्यांच्याही आत येते. आमच्याकडे बहुतेक डावांत चौघे फ्लॉप पाहतात, त्यामुळे ब्लफची संधी वाटते त्याहून फार कमी येते, हे मुकाट्याने मान्य करावे लागते.

समोरचा किती वेळ थांबला यावरून त्याच्या पत्त्यांचा अंदाज बांधण्याचे तंत्र पुष्कळ ठिकाणी शिकवतात. आमच्याकडे ते चालत नाही. गावातली लाइन गेली की थोड्या वेळाने टॉवरही मंदावतो, आणि विचारात पडलेला दिसणारा खेळाडू प्रत्यक्षात शेतातून रेंजसाठी बांधावर चढलेला असतो.

मधल्या जोडीने मोठी बेट करण्याच्या सवयीबद्दलही लिहिणे भाग आहे, कारण आमच्या टेबलावर ती सर्रास दिसते. गणितज्ञ हॅरॉल्ड कून यांनी १९५० मध्ये अवघ्या तीन पानांचा, दोघांना एकेक पान देणारा पोकर मांडला. त्यात पहिल्याने चेक केल्यावर सर्वांत लहान पानवाल्याने तीनांतून एकदा बेट करावी, आणि मधल्या पानवाल्याने कधीच करू नये, असे उत्तर निघते. कारण सरळ आहे : मधल्या पानाची बेट मोठ्या पानाला पळवत नाही आणि लहान पान तिला कॉल करत नाही. वरच्या डावातली सत्तीची जोडी नेमकी तशीच होती. माझ्या प्रतिस्पर्ध्याने ती रिव्हरवर शांतपणे चेक केली आणि ते त्याने अगदी बरोबर केले.

पुढच्या महिन्यात बिग ब्लाइंडवरून टर्नला चेक-रेज (आधी चेक, मग समोरच्याने बेट केली की रेज) करून पाहणार आहे, तेही समोरच्याने फ्लॉपवर लहान बेट केली असेल आणि माझ्याकडे निदान आठ पाने उपयोगाची असतील तेव्हाच. ज्यांनी आपल्या टेबलावर हा प्रयोग केला असेल त्यांनी डाव पॉटच्या आकड्यांसह लिहावा. नुसते ‘तो पळाला’ एवढ्यावरून काही ठरवता येत नाही.