हातचं राखून टाकायला शिकताना

नोव्हेंबरात मुलाच्या शाळेतल्या बेसबॉल कोचने त्याला बोलावून सांगितलं की पुढच्या मोसमात तू स्टार्टर. घरी आल्यावर बूट न काढताच त्याने मला ही बातमी दिली. आनंद झालाच, पण रात्री झोप लागेना. शिकागोच्या उपनगरात राहून इतकी वर्षं बेसबॉल बघतोय, त्यामुळे हे नुसतं नाव बदलणं नाही, हे मला कळत होतं.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी सांगतो. शाळेचा सामना ७ इनिंगचा असतो, आणि प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात. रिलीव्हर, म्हणजे आमचा मुलगा आतापर्यंत होता तो, सहाव्या-सातव्या इनिंगला येतो, जीव तोडून १५-२० चेंडू टाकतो आणि मोकळा होतो. स्टार्टर पहिल्या चेंडूपासून उभा असतो. तेच नऊ फलंदाज त्याच्यासमोर दुसऱ्यांदा येतात, तिसऱ्यांदा येतात, आणि दर फेरीला त्याला जास्त ओळखून येतात. आमचा मुलगा १६ वर्षांचा, डावखुरा. त्याच्याकडे फास्टबॉल आणि शेवटी बाजूला वळणारा स्लायडर असे दोनच चेंडू होते. एकदाच समोर येणाऱ्या फलंदाजाला तेवढे पुरतात.

मी साताऱ्याला सीझन बॉलवर मध्यमगती टाकायचो. त्याला लहानपणापासून एकच शिकवत आलो होतो, हातचं राखून खेळायचं नाही. आता मलाच माझा धडा बदलावा लागणार होता.

त्याला धीर होता तो आमच्याच शहरातल्या संघाचा. क्रिस सेल २०१० आणि २०११ मध्ये व्हाइट सॉक्सच्या बुलपेनमध्ये, म्हणजे रिलीव्हरांच्या ताफ्यात होता. २०१२ मध्ये त्याला स्टार्टर केलं, आणि त्या वर्षी त्याने १७ सामने जिंकले. त्यातही मे महिन्यात कोपराच्या काळजीने त्याला काही दिवस परत बुलपेनमध्ये पाठवलं होतं, हे लोक विसरतात. मग गॅरेट क्रोशे. २०२२ मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली, २०२३ मध्ये मेजर लीगमध्ये त्याने जेमतेम १३ इनिंग टाकल्या, आणि २०२४ मध्ये स्टार्टर म्हणून १४६ इनिंगमध्ये २०९ फलंदाज स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बाद केले. संघ त्या वर्षी १२१ सामने हरला, तरी क्रोशेची पाळी असली की आम्ही दोघं टीव्हीसमोरून हलायचो नाही. जुलैपासून त्याला चार इनिंगच्या पुढे टाकू दिलं नाही. मुलगा तेव्हा चिडायचा, ‘‘बाबा, इतका छान टाकतोय, काढतात का त्याला?’’ या हिवाळ्यात त्याला त्याचं उत्तर मिळालं.

जानेवारीत बाहेर गुडघाभर बर्फ होता. गॅरेजमध्ये जाळी लावली आणि तिसरा चेंडू सुरू केला, चेंजअप. अंगठा आणि तर्जनी यांचं चेंडूच्या कडेला कडं करायचं, उरलेली तीन बोटं वरून शिवणीवर, आणि चेंडू तळव्याच्या जवळ खोल धरायचा. हाताचा वेग फास्टबॉलचाच, चेंडू मात्र ताशी ८-१० मैलांनी हळू येतो. म्हणजे आपला स्लोअर वनच. पण मुलगा चेंडू हळू करायला हातच हळू करायचा, आणि ते तर दुरूनही दिसतं. तोंडाने सांगून काही होईना. शेवटी फोनवर बाजूने दोन्ही चेंडूंचं चित्रण केलं आणि एकाखाली एक लावून दाखवलं. चेंजअपच्या वेळी त्याची कोपर खांद्याच्या खाली येत होती. तो बराच वेळ बघत बसला, काही बोलला नाही. पुढचे सहा आठवडे रोज ३० चेंडू. फेब्रुवारीच्या शेवटी एक चेंडू असा आला की मी त्याचा हात बघून मिट, म्हणजे झेलायचा हातमोजा, लवकर मिटला आणि चेंडू येऊन माझ्या मनगटावर आदळला. इतका आनंद मला कुठल्याही विकेटने दिला नव्हता.

दुसरा सराव मला आधी क्षुल्लक वाटला होता. १५ चेंडू टाकायचे, मग जॅकेट घालून १० मिनिटं बसायचं, मग उठून परत १५. रिलीव्हर एकदा तापला की तापलेलाच टाकतो. स्टार्टरचा हात मात्र आपला संघ फलंदाजी करत असताना थंड पडतो, आणि त्याला दर इनिंगला नव्याने तयार व्हावं लागतं. सुरुवातीला दुसऱ्या खेपेचे पहिले पाच चेंडू जाळीच्याही बाहेर जायचे. दोन खेपांच्या तीन केल्या, तीनच्या चार, पण आठवड्याला १०-१२ चेंडूंपेक्षा जास्त वाढ नाही.

एप्रिलमधला पहिला सामना बरा गेला, तीन इनिंग आणि ४८ चेंडू. दुसऱ्या सामन्यात फलंदाजांची दुसरी फेरी आली आणि लागोपाठ तीन डबल, म्हणजे फलंदाजाला थेट दुसऱ्या बेसवर नेणारे फटके, बसले. प्रत्येक चेंडू तो पूर्ण ताकदीने टाकत होता, चौथ्या इनिंगला अंगात काही उरलंच नव्हतं. आणि चेंजअप? एकही नाही. घाबरला की माणूस जुन्या सवयीकडे पळतो.

तिसऱ्या सामन्यानंतर त्याने किटबॅग उजव्या खांद्यावर घेतलेली मला दिसली. एरवी नेहमी डाव्या. गाडीत विचारलं तर म्हणाला, काही नाही. घरी जेवताना हिने सरळ विचारलं, ‘‘कोपर दुखतंय ना?’’ आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी तपासलं. लिगामेंट शाबूत होता, हाताचे स्नायू थकले होते. दोन आठवडे चेंडूला हात लावायचा नाही. आदल्या उन्हाळ्यात एका बाहेरच्या संघाने त्याला लागोपाठ तीन दिवस टाकायला लावलं होतं, तेव्हा मी गप्प बसलो होतो. त्याची बोच अजून आहे. त्या दिवसापासून मी वही ठेवतो. अमेरिकेतल्या पिच स्मार्ट नियमांप्रमाणे १५-१६ वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू टाकायचे, आणि ७६ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस पूर्ण विश्रांती. शाळेच्या कोचनेही ती वही मागून पाहिली आणि एकदाही वाद घातला नाही.

मेच्या मध्यावर तो परतला. मी जाळीमागे बसून चेंडू बोटांवर मोजत होतो. बेसवर कोणी नसताना फास्टबॉल ताशी ७८ मैलांनी, आणि धावक दुसऱ्या बेसवर आला की ८२. कोणी सांगितलं नव्हतं, त्याचं त्याने राखलं होतं. सहाव्या इनिंगला त्यांचा सगळ्यात दांडगा फलंदाज तिसऱ्यांदा समोर आला. दोन स्ट्राइक झाले. कॅचरने, म्हणजे त्यांच्या यष्टिरक्षकाने, कुठला चेंडू टाकायचा याची खूण केली आणि मुलाने मान हलवून ती नाकारली, पुन्हा केली, पुन्हा नाकारली. मग तेच कडं. फलंदाज चेंडू पोहोचायच्या आधीच बॅट फिरवून मोकळा झाला.

८४ चेंडू. रात्री साताऱ्याहून आईचा फोन आला, ‘‘किती षटकं टाकली रे माझ्या बाळाने?’’ त्याने मनात भागाकार करून सांगितलं, ‘‘चौदा, आजी.’’ ‘‘एकट्याने?’’ ‘‘एकट्याने.’’

वहीत ८४ लिहिलं आणि पुढच्या चार दिवसांवर फुली मारली.