ग्राट्झमधली एक स्लाइड

ऑस्ट्रियात त्वचेच्या पॅथॉलॉजीच्या फेलोशिपला आल्यापासून आज पहिल्यांदा मनापासून बोलले. एका मायक्रोस्कोपभोवती सात-आठ जण, सगळे वेगवेगळ्या देशांतले. समोरच्या स्लाइडवर ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाच्या पेशींचे गोळके. बहुतेकांचा कौल सारकॉइडकडे, म्हणजे जंतूंशिवाय असेच गोळके करणाऱ्या आजाराकडे. पण मला ते गोल नाही, लांबट दिसत होते, नर्व्हच्या वाटेने पसरलेले. म्हटलं, कुष्ठरोग असू शकतो. या प्रकारात जंतू सापडतीलच असं नाही, म्हणून एस-१०० हा नर्व्ह दाखवणारा स्टेन करून नर्व्ह शोधली. तुटलेली, ग्रॅन्युलोमाने गिळलेली.

सर म्हणाले, "हे तू आम्हाला शिकव."

मला आमच्या ओपीडीतल्या मावशी आठवल्या. बोटांवर तव्याचे डाग, आणि "चटका बसला तरी कळलंच नाही गं" म्हणत पुढे केलेला हात. संध्याकाळी मूर नदीच्या पुलावर बराच वेळ उभी होते. फार भरून आलं.