मिक्सरचं भांडं काट्यावर ठेवलं तो दिवस

‘मी काहीच खात नाही हो, तरी वजन उतरत नाही’ हे वाक्य आहारतज्ज्ञाच्या खुर्चीत बसलं की कानावर पडतंच. या बाई मात्र तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी वही पुढे सरकवली आणि म्हणाल्या, “मी जे खाते ते सगळं यात आहे. कुठे चुकतंय तेवढं दाखवा.”

वही बघून मी थक्क झाले. बाई शिक्षिका. तारीख, वेळ, पदार्थ, माप आणि दिवसाखेरीस कॅलरींची बेरीज, तीही लाल शाईने अधोरेखित केलेली. दिवसाचा आकडा चौदाशेच्या आसपास, क्वचित कधी पंधराशे. थायरॉइडची तपासणी झालेली, त्यातलं टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) व्यवस्थित. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलेलं, त्यामुळे रोजचं चालणंही सुरू. आणि एवढं करून काटा मागच्या वेळेपेक्षा किलोभर वरच.

अशा वेळी दोन सोपे निष्कर्ष हाताशी असतात. एक, यांचं चयापचय मंद आहे. दोन, बाई खोटं बोलतायत. माझा दोन्हींवर फारसा विश्वास नाही. १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला होता. दिवसाला १२०० कॅलरींपेक्षा कमी खाऊनही वजन उतरत नाही, असं सांगणाऱ्या माणसांचं चयापचय त्यात मोजलं गेलं. ते ठाकठीक निघालं. मात्र प्रत्यक्ष खाण्यातलं जवळजवळ निम्मं, नेमकं सांगायचं तर ४७ टक्के, त्यांच्या नोंदीत उतरलंच नव्हतं. बहुतेक जण मनापासून लिहितात, पण मनापासून लिहिलेलं मापानं लिहिलेलं असतंच असं नाही.

म्हणून मी आकडे सोडून ओळी वाचायला घेतल्या. जेवणं ठीक होती. संध्याकाळचं खाणंही ठीक. एकच ओळ रोज जशीच्या तशी येत होती: ‘सकाळी ६.१५. स्मूदी, १ ग्लास. २५० कॅलरी.’

“हे अडीचशे कुठून आले?”

“फोनमधल्या ॲपवर स्मूदी लिहिलं की तेवढेच येतात.”

“आणि त्यात काय काय असतं?”

बाई पहिल्यांदाच अडखळल्या. “केळं, दूध, ओट्स… अहो, खरं सांगायचं तर ती हे करतात. मी आवरून येते तोवर ग्लास तयार असतो. साखर मात्र नाही हं, ते मी पहिल्या दिवशीच बजावलंय.”

पुढच्या भेटीला यजमानांना सोबत आणा, आणि स्मूदीत जे जे पडतं ते सगळं घेऊन या, एवढंच मी सांगितलं. आमच्याकडे प्रात्यक्षिकासाठी छोटा ओटा, मिक्सर आणि ग्रॅममध्ये मोजणारा काटा आहे. तो काटा माझा सगळ्यात भरवशाचा सहकारी. समोरच्याचं मन राखायला तो कधी आकडा कमी सांगत नाही.

ठरल्या दिवशी दोघं आले. यजमान निवृत्त, सडपातळ, उत्साही. पिशवीतून एकेक डबा काढून त्यांनी ओट्यावर ओळीनं मांडला. बायकोसाठी रोज पहाटे उठून काहीतरी पौष्टिक करतो याचा सार्थ अभिमान चेहऱ्यावर दिसत होता. “मॅडम, यातलं एकही पाकीटबंद कचरा नाही. सगळं नैसर्गिक.”

“तुम्ही रोज करता तसंच करा. माझ्याकडे बघू नका,” मी म्हणाले आणि भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला.

सोललेली दोन केळी, २३० ग्रॅम. साय न काढलेलं दूध, ४०० मिली. मूठभर ओट्स, मूठ मोठी, ४० ग्रॅम. पालकाची पानं, त्यांनी काटा जेमतेम हलला. बिया काढलेले खजूर ४० ग्रॅम, दहा बदाम. इथवर मी फक्त लिहून घेत होते.

मग पीनट बटर आलं. चमच्याला चिकटणारी वस्तू भांड्यात टाकून मोजली तर आकडा फसवतो. म्हणून आम्ही उलटं करतो: बरणीच काट्यावर ठेवायची, शून्य करायचं आणि काढून घेतल्यावर उणे किती दिसतं ते बघायचं. त्यांनी “दोन चमचे” म्हणत दोनदा चमचा बुडवला. मोठा चमचा सपाट भरला तर साधारण १६ ग्रॅम भरतो. यांचा शिगोशीग होता, शिवाय कडेला लोंबतही होता. काट्यावर उणे ५२. मधाला तर चमचाही नव्हता. बाटली सरळ भांड्यावर उपडी करायची आणि मनात दोन अंक मोजायचे, ही त्यांची पद्धत. पंचेचाळीस ग्रॅम.

मिक्सर फिरला, ग्लास काठोकाठ भरला, आणि भांड्यात जवळपास तेवढंच शिल्लक राहिलं. यजमानांनी सहजपणे पिशवीतून बाटली काढली आणि उरलेलं तिच्यात ओतलं.

“ही कुणाची?” मी विचारलं.

“हिचीच. मधल्या सुट्टीत पिते.”

मी बाईंकडे बघितलं. “अहो, ती तीच स्मूदी,” त्या म्हणाल्या. “सकाळी लिहिलेलीच असते ना.” त्यांच्या दृष्टीनं हे अगदी सरळ होतं: स्मूदी एकदा केली, एकदा लिहिली.

बेरीज मी त्यांनाच करायला दिली, गणित शिकवतात म्हणून. केळ्यांच्या २०५, दुधाच्या २५०, ओट्सच्या दीडशे, पीनट बटरच्या तीनशेच्या वर, मधाच्या १३७, खजुराच्या ११२, बदामांच्या सत्तर. पालकाच्या जेमतेम आठ. त्यांनी दोनदा तपासलं. साडेबाराशेला थोड्याच कमी. वहीत होत्या अडीचशे.

“पण साखरेचा दाणा नाही यात!” यजमान पटकन बोलून गेले. त्यांना दुखावलं गेल्याचं दिसत होतं, आणि ते साहजिक होतं. पण हा मुद्दा मी कधी सोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनांमध्ये मध आणि फळांचा रस हे दोन्ही साखरेच्याच रकान्यात मोजलेत, आणि अशी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर पाच, असं म्हटलंय. ब्रिटनमध्ये तर मिक्सरमधून काढलेल्या फळाची साखरही त्यातच धरतात. तिथली आरोग्यसेवा रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलीच घ्या म्हणते. मला हे जरा ताणलेलं वाटतं. फळ चोथ्यासकट वाटलं की तंतू कुठे जात नाहीत, आणि बियांसकट वाटलेल्या फळांनी रक्तातली साखर अख्ख्या फळापेक्षा जास्त चढली नाही असं काही छोट्या प्रयोगांत दिसलंय. मधाच्या बाबतीत मात्र मी एक पाऊलही मागे घेत नाही.

मग मी त्यांना जे सांगितलं त्यानं वातावरण थोडं सैल झालं. ही पाककृती वाईट नाही. मी स्वतः जवळपास हीच लिहून देते: जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर चावता न येणाऱ्यांना, केमोथेरपीत तोंड येऊन दोन घास न उतरणाऱ्यांना, ज्यांचं वजन घसरतंय ते सावरायचंय अशांना. कमी जागेत जास्त ऊर्जा, पोटाला फार पत्ता न लागू देता. तिथे तो गुण आहे. इथे पत्ता चुकला होता.

“पोटाला पत्ता न लागू देता म्हणजे?” बाईंनी नेमकं तेच धरलं. “मला दुपारी एकला कडकडून भूक लागतेच. मला वाटायचं, अडीचशेच तर पोटात गेलंय, लागणारच.”

प्यायलेल्या कॅलरी पोट खाल्लेल्यासारख्या हिशेबात धरत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पंधरा जणांना रोज ४५० कॅलरी जादा दिल्या: चार आठवडे चघळायच्या गोळ्यांमधून, चार आठवडे गोड पेयातून. गोळ्या खाल्ल्या तेव्हा लोकांनी नकळत बाकीचं जेवण तेवढं कमी केलं. पेयाच्या वेळी ते केलं नाही, आणि वजन वाढलं. १९७७ चा ‘लॅन्सेट’मधला सफरचंदाचा प्रयोग मला याहून आवडतो. सफरचंद अख्खं, त्याचा गर आणि त्याचा रस, तिन्हींत कर्बोदकं सारखीच. रस अख्ख्या फळापेक्षा अकरापट वेगानं संपला, गरापेक्षा चौपट वेगानं, आणि तृप्ती त्याच क्रमानं कमी होत गेली. म्हणजे स्मूदी रसापेक्षा बरी, फळापेक्षा कमी. दोन केळी चावून खायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात या बाई केळ्यांसकट सगळा डबा पिऊन घराबाहेर पडत होत्या.

यजमान डबे गोळा करायला लागले. “मग बंदच करून टाकतो. उद्यापासून नाही.”

“नाही, बंद नाही करायची,” मी म्हणाले. सकाळी सव्वासहाला घर सोडणाऱ्या बाईकडून बसून न्याहारीची अपेक्षा करणं कागदावर छान दिसतं. वर्षभर आधी त्या उपाशीच निघायच्या आणि दहाला शिक्षक-खोलीतल्या बिस्किटांवर तुटून पडायच्या, हे त्यांनीच पहिल्या भेटीत सांगितलेलं. वजन कमी करताना स्मूदी चालते की नाही, या प्रश्नाला माझ्याकडे एकच उपप्रश्न आहे: ती कशाच्या ऐवजी आहे? न्याहारीच्या ऐवजी असेल आणि न्याहारीएवढीच असेल, तर खुशाल. न्याहारीच्या जोडीला, किंवा ‘तेवढीच तब्येतीला बरी’ म्हणून असेल, तर ती वरची भर आहे, मग ती कितीही हिरवी असो.

भांडं धुऊन पुन्हा काट्यावर ठेवलं. फॅट काढलेल्या दुधाचं, पाणी गाळलेलं घट्ट दही १५० ग्रॅम, तसंच दूध १५० मिली, अर्धं केळं, स्ट्रॉबेरी १०० ग्रॅम, ओट्स २०, एक चमचा जवस. सगळं मिळून साडेतीनशेच्या आसपास आणि प्रथिनं पंचवीस ग्रॅमच्या घरात. जुन्यात प्रथिनं कमी नव्हती, पण ती मिळवायला तिप्पट ऊर्जा मोजावी लागत होती. मी मिश्रण मुद्दाम दाट ठेवलं. २०१६ च्या एका डच अभ्यासात शंभर कॅलरींचं दाट पेय पाचशे कॅलरींच्या पातळ पेयापेक्षा जास्त पोटभरीचं वाटलं होतं. जठर मात्र शंभर कॅलरींचं लवकर रिकामं झालं, म्हणजे फसवणूक थोडा वेळच टिकते. तेवढी दोन तास पुरली तरी बाईंचा पहिला तास आणि प्रार्थना निघून जाते.

यजमानांनी आधी चव घेतली आणि तोंड वाकडं केलं. “आंबट आहे.” मग घासाघीस सुरू झाली. त्यांना पूर्ण केळं हवं होतं, मी अर्ध्यावर अडून. शेवटी जवसाच्या जागी एक सपाट चमचा पीनट बटर, काट्यावर मोजून, यावर तह झाला. बाटली बाद झाली. मधली सुट्टी आली की एक फळ, चावून.

जाता जाता बाईंनी विचारलं, पालक वाढवू का, कॅलरी तर नाहीतच. मी नको म्हणाले. मूठभर पालक ठीक. रोज सकाळी जुडीच्या जुडी कच्ची वाटून पिणं ठीक नाही. पालकात ऑक्झलेट भरपूर असतं. मुतखड्याची प्रवृत्ती असेल किंवा मूत्रपिंड आधीच अशक्त असेल तर ते महागात पडतं. आणि रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाजीचं प्रमाण अचानक बदलायचंच नाही, कारण त्यातलं के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं. बाईंना यातलं काहीच नव्हतं, पण त्यांचं बघून शिक्षक-खोलीत आणखी कोण सुरू करेल याचा नेम नाही.

पुढच्या भेटींमध्ये काटा उतरायला लागला. धो धो नाही, पण उतरला. मग मला अपेक्षित होतं तेच झालं. बाईंनी विचारलं, “रात्रीही स्मूदीच घेतली तर? शेकवर राहून कुणाचा मधुमेह गेला म्हणे.” ते खरं आहे. ब्रिटनमधल्या २०१७ च्या ‘डायरेक्ट’ चाचणीत लोक तीन ते पाच महिने दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरींच्या शेक आणि सूपवर राहिले, आणि वर्षअखेरीस ४६ टक्के जणांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. पण तिथे प्रत्येक पुडीचं पोषण आधीच ठरलेलं, डॉक्टर-नर्सचं लक्ष, आणि नंतर नेहमीच्या जेवणावर परत आणण्याचा वेगळा टप्पा. घरच्या मिक्सरमध्ये फळं फिरवून ते होत नाही. रात्री जेवायचं, असं मी सांगितलं. त्यांना फारसं पटलं नसावं.

यजमान थोडे घुटमळले. “मॅडम, एक विचारू? डॉक्टर मला दरवेळी वजन वाढवा म्हणतात. ती जुनी स्मूदी मला चालेल?”

वजन अलीकडे आपोआप घटलंय का, साखर तपासली आहे का, ते आधी विचारून घेतलं. नाही, अंगकाठी पहिल्यापासूनच तशी, आणि साखर ठीक. “चालेल,” मी म्हणाले. “फक्त मध निम्मा. आणि दोघांचे ग्लास वेगळ्या रंगाचे ठेवा.”