हिशोबपट्टी, प्रायव्हेट आणि गेटरमधली गळती

लासलगावला कांद्याचा लिलाव झाला की ट्रॅक्टर दोनदा काट्यावर चढतो, आधी भरलेला, मग रिकामा. समजा, भरलेलं वजन ५८.४० क्विंटल, रिकामं ३८.१५. कांदा २०.२५ क्विंटल, १,८०० च्या भावाने ३६,४५० रुपये. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत याचा 'हिशोबपट्टी' (वजन, भाव, कपातींची पावती) क्लास, म्हणजे साचा केला आणि त्यातली फील्ड, म्हणजे वजन, भाव, रक्कम ठेवायची खणं पब्लिक, सगळ्यांना खुली ठेवली, तर कोडमधली कुठलीही ओळ रिकामं वजन ८३.१५ करू शकते. कंपायलर (कोड तपासून भाषांतर करणारा प्रोग्रॅम) हूं की चूं करणार नाही. कांदा उणे भरेल, आणि साठवलेली रक्कम तशीच जुनी राहील.

म्हणून फील्ड प्रायव्हेट, म्हणजे फक्त त्या क्लासच्या आतून दिसणारी. पण लगेच आयडीईकडून (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरकडून) प्रत्येकाचा सेटर (फील्डमधली किंमत बदलणारी मेथड, म्हणजे क्लासमधली कृती) काढून घेतलात तर काय साधलं? दाराला कुलूप, किल्ली उंबऱ्यावर. त्यापेक्षा 'रिकामं वजन नोंदव' अशी एकच मेथड ठेवा. वजन शून्याहून जास्त आणि भरलेल्याहून कमी असायलाच हवं; नसेल तर तिने इल्लीगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन फेकावं, म्हणजे चूक सांगून काम थांबवावं. रक्कम साठवू नका, मागितली की गुणून द्या. (पैशाला डबल हा अंदाजे दशांशाचा प्रकार नको, अचूक बिगडेसिमल वापरा.)

खरी गळती लिस्टमधून होते. हमाली, तोलाई अशा कपातींची लिस्ट प्रायव्हेट आणि फायनल आहे, पण गेटर (फील्ड बाहेर वाचायला देणारी मेथड) तीच लिस्ट परत देतो. बाहेरच्याने तिच्यावर क्लिअर चालवलं की सगळ्या कपाती साफ! फायनलमुळे फक्त त्या नावाला दुसरी लिस्ट जोडता येत नाही. आतला माल मोकळाच राहतो. गेटरमधून लिस्ट डॉट कॉपीऑफ, म्हणजे बदलता न येणारी प्रत द्या. जावा १० पासून ते आहे. अनमॉडिफायेबललिस्टही बाहेरून बदलता येत नाही, पण ती प्रत नसते; मूळ लिस्ट बदलली की तिच्यातही बदल दिसतो.

प्रोटेक्टेड म्हणजे फक्त सबक्लासला (या क्लासवरून बनवलेल्या क्लासला) दिसणारं, हा समज सी प्लस प्लस या भाषेवरून येतो. जावात त्याच पॅकेजमधल्या (क्लासच्या गटातल्या) सगळ्यांनाही ते दिसतं. मॉडिफायर (पब्लिक, प्रायव्हेटसारखा शब्द) काहीच न लिहिलं तर फक्त पॅकेजपुरतं दिसतं, म्हणजे त्यापेक्षा प्रोटेक्टेड जास्त उघडं. टेस्टसाठी मेथड पब्लिक करू नका. मॉडिफायर गाळा आणि टेस्ट त्याच पॅकेजमध्ये ठेवा.

प्रायव्हेटची हद्द क्लासपुरती असते, ऑब्जेक्टपुरती (त्या साच्यातून काढलेल्या एकेका पट्टीपुरती) नाही. एक हिशोबपट्टी दुसरीची प्रायव्हेट फील्ड वाचू शकते. दोन पट्ट्या सारख्या आहेत का हे पाहणारं इक्वल्स त्यावरच चालतं. पासवर्ड लपवायला मात्र प्रायव्हेटचा उपयोग नाही, रिफ्लेक्शनने (प्रोग्रॅम चालू असताना क्लासच्या आत डोकावायच्या सोयीने) ते उघडता येतं.

सुरुवात प्रायव्हेटपासून करा, गरज पडेल तसं उघडा. उलट्या दिशेने जाणं महाग पडतं: पब्लिक मेथड सबक्लासमध्ये ओव्हरराइड करताना (नव्याने लिहिताना) प्रोटेक्टेड करायला गेलात, तर तिथे कंपायलर अडवतोच.