टिलरचा रोटर सुटला, आणि आतून निघालं जाळं

रोटर, म्हणजे माती उकरणारा पात्यांचा फिरता भाग, एकदाचा सुटला. गंजलेल्या नटांवर डिझेल सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी पाना लावून जोर काढायचा, हेच चाललं होतं. पात्यांचे काही नट कशालाच बधले नाहीत, ते शेवटी ग्राइंडरने कापले. पाती बदलायचीच होती, त्यामुळे जुन्या बोल्टांची दया आली नाही.

यंत्र म्हणजे व्हीएसटी शक्ती, १३ अश्वशक्तीचा डिझेल पॉवर टिलर, मागून हँडल धरून चालत हाकायचा. एक सिलिंडर, पाण्यावर थंड होणारा, हँडल मारून सुरू करायचा. गुहागर तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एका गोठ्यात बरेच पावसाळे नुसता उभा होता. भंगारपेक्षा थोड्या वरच्या भावात मला मिळाला. आमची खाचरं एवढीशी, की ट्रॅक्टर वळायला लागला की पुढचा बांध येतो. टिलरची नांगरट जेमतेम ६०० मिलिमीटर रुंद, तो कोपऱ्यापर्यंत शिरतो. शेजारच्या आबांना अजून हे पटलेलं नाही. ‘‘अरे, एवढ्या पैशात बैलजोडीचा अर्धा व्यवहार झाला असता, वर शेण मिळालं असतं,’’ असं ते रोज सकाळी दात घासत ऐकवून जातात.

रोटरच्या पेटीचं तेल काढलं तर ते कालच्या चहासारखं. म्हणजे आत पाणी गेलेलं. पाणी गेलं म्हणजे ऑइल सील, शाफ्टभोवतीचं तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारं रबरी कडं, गेलं, एवढं कुणीही सांगेल. सील गेलं कशाने, ते शोधायला हवं होतं. शाफ्टच्या टोकाला, पात्यांच्या मागे जिथे सहसा नजर जात नाही, तिथे काळपट गोळा दिसत होता. मला वाटलं चिखल आणि गवताची मुळं. पकडीने ओढल्यावर त्यातून हिरवा नायलॉनचा धागा यायला लागला, आणि येतच राहिला. मासेमारीचं जाळं.

किनाऱ्यावर राहणाऱ्याला याचं नवल वाटू नये. फाटलेली जाळी आपण सगळेच मिरची-वांग्याच्या वाफ्यांना, भाजीच्या मळ्याला कुंपण म्हणून बांधतो. उन्हाने ती ठिसूळ होतात, तुकडे पडतात, मातीत मिसळतात. रोटर फिरताना तो तुकडा शाफ्टभोवती गुंडाळला जातो, सीलच्या ओठाखाली घुसतो आणि रबर कापतो. तंगूस, म्हणजे मासेमारीची पारदर्शक नायलॉनची दोरी, तर त्याहून वाईट, कारण ती दिसतच नाही. मग चिखलणीच्या वेळी गढूळ पाणी सरळ पेटीत. जांभ्याच्या दगडाने पातं मोडतं, ते डोळ्यांना दिसतं आणि लगेच बदलता येतं. जाळं मात्र आतलं बेअरिंग वाजेपर्यंत पत्ता लागू देत नाही. माझं मत विचाराल तर आपल्या भागात टिलरचा पहिला वैरी हाच, गंज दुसरा.

बेअरिंगं काढून रॉकेलमध्ये धुतली. एक खरखरत होतं, ते बदललं. सील बसवण्याआधी शाफ्टवर नख फिरवून पाहिलं, तर जुन्या ओठाने बारीक खाच पाडलेली. शाफ्ट नवा घ्यायची गरज पडली नाही. सील पूर्ण आत न ठोकता साधारण दोन मिलिमीटर बाहेर ठेवलं, म्हणजे नवा ओठ खाचेवर न येता गुळगुळीत लोखंडावर बसतो. सील बसतं त्या खोबणीत तेवढी जागा असेल तरच हे जमतं, आधी मोजून घ्या. दोन ओठांचं सील घेतलं आणि मधल्या जागेत ग्रीस भरलं.

पात्यांत डावी-उजवी असा फरक असतो. काढण्याआधी प्रत्येक जागेवर रंगाने खूण करून ठेवली होती, त्यामुळे बसवताना डोकं खाजवावं लागलं नाही. क्रम चुकला की टिलर उड्या मारतो किंवा एका बाजूला ओढतो. बोल्ट ८.८ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, घेतले, शृंगारतळीला मिळाले.

इंजिनाने त्या मानाने कमी त्रास दिला. डिझेलच्या टाकीच्या तळाला काळा चिकट गाळ होता. दमट हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीत पाणी साठतं आणि हे होतं. टाकी धुतली, फिल्टर बदलला, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा नोझल चिपळूणला डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडून तपासून आणला. नंतर डिझेलच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायची: आधी फिल्टरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत, मग नोझलकडच्या नळीचा नट सैल ठेवून हँडल फिरवत. सुरुवातीला पांढरा धूर भरपूर आला, इंजिन तापल्यावर गेला. पट्टे तिन्ही एकदम बदलले. एकच नवा घातला तर सगळा भार त्याच्यावर येतो आणि तो लवकर जातो.

वरकस, म्हणजे उताराच्या कोरड्या, तुकड्यावर चालवून पाहिला. नवख्यांनी एक गोष्ट लक्षात घ्या: सपाटीवर डावा क्लच दाबला की डाव्या चाकाची ताकद तुटते आणि टिलर डावीकडे वळतो, पण तीव्र उतारावर खाली जाताना डावीकडचं मोकळं सुटलेलं चाक जास्त जोरात धावतं आणि यंत्र उजवीकडे जातं. आमच्याकडे बांधावरून खाली उतरताना हे नक्की घडतं. तिथे क्लचला हात न लावता, लहान गिअरमध्ये, हँडल रेटूनच दिशा द्यावी.

काम संपल्यावरचा शिरस्ता असा ठरवलाय: रोटर बंद, इंजिन बंद, मग पात्यांमागे कोयतीच्या टोकाने धागे काढायचे. धुवायचं ते गोड्या पाण्याने. आमची खालची विहीर एप्रिल-मेमध्ये मचूळ होते, ते पाणी टिलरला लावत नाही. सीलवर पाण्याचा जोराचा फवारा मारायचा नाही. सुकल्यावर पात्यांना जळकं ऑइल. पुष्कळ दिवस उभा ठेवायचा असेल तर टाकी काठोकाठ, आणि हँडल फिरवून कॉम्प्रेशनला, म्हणजे सिलिंडरमधली हवा दाबली जाताना, अडेल तिथे सोडायचं. तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, खारी हवा सिलिंडरमध्ये जात नाही.

थोडं चालवून पेटीचं तेल पुन्हा पाहिलं, स्वच्छ आहे. पण ही कोरड्या जमिनीवरची गोष्ट. खरी परीक्षा चिखलणीला, आणि त्यासाठी लोखंडी चाकं हवीत. पालशेतला एकाकडे जुनी जोडी पडून आहे असं कळलंय. चाकाच्या आसाचं माप आणि पिनेचं भोक जुळलं तर मिरगाआधी घेऊन येईन; नाही जुळलं तर वेल्डिंगवाल्याकडून नवे हब, म्हणजे चाकाचे मधले भाग, करून घ्यावे लागतील.