केळशी ते दाभोळ: आधी तिथी, मग सुट्टी

सोमवार, रात्री

सोलापुरात बसून समुद्रकाठच्या चालीचा बेत आखताना पहिली चूक होते ती किलोमीटर मोजण्याची. आपल्याकडे माळरानावर तासाला चार-पाच किलोमीटर हा हिशेब कुठेही चालतो. किनाऱ्यावर जो तुकडा सकाळी सातला पाऊण तासात पार होतो, तोच दुपारी एकला होतच नाही, कारण वाट पाण्याखाली असते. सुट्टी मंजूर करून घ्यायची आणि मग वाट शोधायची, हा क्रमच उलटा. आधी तिथी, मग सुट्टी.

वाट ठरली आहे: केळशी, आडे, पाडले, आंजर्ले, हर्णै, मुरुड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ. सगळा दापोली तालुका. उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे समुद्र कायम उजव्या हाताला. मुक्काम आंजर्ले, मुरुड, बुरोंडी आणि शेवटचा दाभोळ. चार दिवस, सामान पाठीवर.

आता भरतीचं गणित. कोकणातला जुना ठोकताळा असा: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. ओहोटी त्याच्या सव्वासहा तास आधी किंवा नंतर. पौर्णिमेनंतर मोजणी परत एकपासून. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, खाडीच्या आत पाणी उशिरा चढतं, पण बेत आखायला एवढं पुरतं. निघण्याआधी अधिकृत भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्यायचं आणि पोहोचल्यावर गावातल्या कोळ्यांना विचारायचं.

या हिशेबाने कृष्ण प्रतिपदेला ओहोटी सकाळी साडेसहाला, द्वितीयेला सव्वासातला, तृतीयेला आठला, चतुर्थीला पावणेनऊला. चारही सकाळी वाळू उघडी, ऊन कोवळं. अष्टमीच्या आसपास गेलो तर सकाळी सहाला भरती आणि ओहोटी थेट भर दुपारी बारा-साडेबाराला, म्हणजे सगळी चाल उन्हात. शिवाय अष्टमीला भांगाची भरती-ओहोटी, पाणी फार मागे हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ते खूप मागे जातं, वाळूचा पट्टा रुंद मिळतो.

मग अमावास्येनंतर का नको? तिचंही वेळापत्रक हेच. पण पौर्णिमेनंतर पहाटे चंद्र पश्चिमेला, समुद्रावरच असतो. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, आणि पूर्वेला डोंगर असल्यामुळे किनाऱ्यावर ऊन त्याहून उशिरा येतं. त्या तासाभरात चंद्राच्या उजेडात खडक दिसतो. तेवढ्यासाठी पौर्णिमा.

मंगळवार

मार्गशीर्ष पौर्णिमा म्हणजे दत्तजयंती. अक्कलकोट-गाणगापूरला जाणाऱ्यांनी आपल्याकडच्या गाड्या भरलेल्या असतात. म्हणून त्रयोदशीच्या रात्रीच पुण्याला निघायचं, चतुर्दशीला एसटीने दापोली, पौर्णिमेला सकाळी दापोलीहून केळशी. त्या दिवशी चालायचं नाही. महालक्ष्मीचं देऊळ बघायचं, संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन ओहोटी डोळ्यांनी बघायची आणि वेळ घड्याळाशी जुळते का ते लिहून ठेवायचं. ही एक नोंद पुढच्या चार दिवसांचा हिशेब दुरुस्त करते. पौष पौर्णिमाही चालली असती, पण ती काही वर्षी सिद्धेश्वरांच्या यात्रेला खेटून येते आणि गड्डा, म्हणजे त्या यात्रेची जत्रा, सोडून सोलापूरकर कुठे जात नाही.

आज सगळ्यात जास्त वेळ दिला तो डोंगराच्या सोंडांना. दोन गावांच्या मधला डोंगर थेट पाण्यात उतरतो, तिथे दोनच वाटा: खालून खडकांवरून, नाहीतर वर चढून सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावरून. माणसं अडकतात ती खालच्या वाटेवर, आणि अडकण्याचं कारण पाणी चढण्याच्या वेगात आहे. सहा तासांच्या भरतीचे बारा भाग धरले, तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पुढे दोन आणि एक. म्हणजे पहिले दोन तास पाणी जागचं हलत नाही असं वाटतं आणि पुढच्या दोन तासांत निम्मी भरती येऊन जाते. सोंडेला वळसा घालून पलीकडे बघावं तर पुढे पाणी, मागे वळावं तर मागेही पाणी.

म्हणून नियम एकच: सोंडेच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत ओहोटी संपून भरती लागल्याला एक तास उलटला असेल, तर खालून जायचं नाही. वर चढायचं, कितीही दमलेलो असलो तरी.

खडकही नीट बघायचा. भरतीची रेघ त्यावर काढलेली असते: वर कोरडा करडा दगड, मग काळा पट्टा, त्याखाली हिरवं शेवाळ आणि कालवं. काळ्या पट्ट्यावर पाय घसरतो, हिरव्यावर तर हमखास. कालवं चिकटलेली असतात तिथे पकड मिळते, पण त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. हात टेकला की तळवा कापतो आणि खाऱ्या पाण्यात ती जखम चिघळते. बागकामाचे जाड हातमोजे, एक जोड पुरे.

खाड्यांवर पूल आहेत. आंजर्ले आणि हर्णैच्या मधली जोग नदी पूर्वी तरीने ओलांडत, आता पुलावरून जाता येतं. ओहोटीला खाडी उथळ दिसते म्हणून आत उतरायचं नाही. वर वाळू, खाली मांडीपर्यंत गाळ. लहान वहाळ, म्हणजे ओढा, ओलांडावा लागला तर पाय उचलून न टाकता घसटत न्यायचे, म्हणजे वाळूत दडलेला, शेपटीचा काटा मारणारा पाकट मासा आधीच सरकतो.

गुरुवार

सड्याबद्दल. उंची शे-दीडशे मीटरच, पण जांभ्याचा उघडा दगड, झाड नाही, दहानंतर भाजतो. चढायची वाट म्हणजे पाखाडी, दगडी पायऱ्यांची पायवाट. गावात "रस्ता कुठे" असं विचारलं तर डांबरी दाखवतात, "पायवाट कुठून जाते" असं विचारायचं. आंबा-काजूच्या बागांना गडगे, म्हणजे रचलेल्या दगडांची कुंपणं असतात. ते चढून जायचं नाही, दगड निसटतो आणि मालकाचं नुकसान होतं. बेडं, म्हणजे कुंपणातलं फाटक, असेल तिथून विचारून जायचं आणि मागे बेडं लावायचं.

सोलापूरच्या माणसाला ऊन नवीन नाही, हीच खोटी खात्री नडते. आपल्याकडे घाम वाळतो आणि अंग गार होतं. तिथल्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता गळतो. बत्तीस अंशांत इथल्या चाळीसपेक्षा जास्त थकवा येतो. माणशी तीन लिटर पाणी, त्यातल्या एका लिटरमध्ये सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. जांघा घासतात तिथे निघण्याआधीच व्हॅसलीन. अकरापर्यंत मुक्काम गाठायचा, राहिलं तर साडेतीननंतर.

सराव: बॅग भरून चार मजली जिना दहा वेळा, एक दिवसाआड. दोन रविवार पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात, कोरड्या वाळूतून तासभर. पोटऱ्यांना त्याशिवाय कळत नाही. किनाऱ्यावर चालायचं मात्र ओल्या घट्ट पट्ट्यावरून. तो समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे उजवा पाय सतत खाली पडतो आणि दुसऱ्या दिवशी गुडघा धरतो. उतार दुसऱ्या पायाला यावा म्हणून मधेच उलट दिशेने चालता येत नाही, पण सपाट जागा दिसली की तिकडे सरकता येतं.

शनिवार

बॅग भरली. पाण्यासकट आठ किलोच्या वर जाऊ द्यायची नाही. चादर काढून टाकली. आपली सोलापुरी चादर दमट हवेत ओल धरते आणि चार दिवसांत वाळत नाही. सुती पंचे दोन, मोजे चार जोड, पट्ट्यांची सँडल, पकडीचे बूट. वाळू मोज्यात गेली की लगेच थांबून झटकायची. पुढच्या सोंडेपर्यंत म्हटलं की फोड आलाच.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेतली, पण एका पिशवीत नाही. कोकणातल्या हवेत पिशवी एकदा उघडली की दुसऱ्या सकाळी भाकरी चामड्यासारखी होते, तिसऱ्या दिवशी बुरशी. दर दिवसाच्या चार भाकऱ्या वेगळ्या, हवाबंद बांधलेल्या, त्या दिवशीच उघडायच्या. चटणी बिनतेलाची.

मुक्कामांना फोन झाले. मुरुड, कर्दे, लाडघर भागात घरगुती सोय भरपूर, केळशी-बुरोंडीकडे आधी सांगावंच लागतं, जेवणासह. शनिवार-रविवारी मुरुड-कर्द्याच्या वाळूवर गर्दी उसळते. चारही दिवस आठवड्याच्या मधले पडतील का, ते कॅलेंडरवर अजून एकदा बघायचं आहे. दाभोळहून परत येताना फेरीबोटीने धोपावे, तिथून चिपळूण, कुंभार्ली घाट, कऱ्हाड आणि पंढरपूरवरून घर.