लाल पेशीतलं पोटॅशियमचं दार : रत्नागिरीत पावसाळ्यात केलेला प्रयोग

कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, कारण बाहेरचं मीठ ते ओढतं. या प्रयोगात बाहेरचं मीठ वाढवत नाही, तरीही लाल रक्तपेशी आकसते. कॅल्शियम आत शिरलं की पेशीच्या पटलातलं पोटॅशियमचं दार, म्हणजे गार्दोश चॅनेल, उघडतं, पोटॅशियम बाहेर पडतं, मागोमाग क्लोराइड जातं आणि त्याच्याबरोबर पाणी. कॅल्शियममुळे लाल पेशीतून पोटॅशियम सुटतं हे ग्यॉर्गी गार्दोश यांनी १९५८ साली दाखवलं. चॅनेलला कॅल्मोड्युलिन नावाचं प्रथिन कायम चिकटलेलं असतं. कॅल्शियम बसतं ते त्याच्यावर.

रक्त प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच काढून घेतलं, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनच्या नळीत. गोठणं रोखणारं दुसरं रसायन, ईडीटीए, चालत नाही : धुताना थोडं उरलं तरी आपण घातलेलं कॅल्शियम तेच धरून बसतं. पेशी तीनदा धुतल्या आणि दर वेळी वरचा पांढरा थर काढून टाकला. इथे घाई करू नये. रक्तद्रवातलं अल्ब्युमिन हे प्रथिन आयनोफोर (कॅल्शियमला पटलातून आत नेणारं रसायन) शोषून घेतं आणि मग प्रयोग का फसला ते कळत नाही.

द्रावण एक लिटरचं : मीठ ८.४७ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.१५, पीएच स्थिर ठेवणारं हेपेस २.३८, ग्लुकोज ०.९, पीएच ७.४. फॉस्फेट घेतलं तर कॅल्शियमचा साका बसतो. कोकणातली खरी अडचण मात्र दमट हवेची. निर्जल कॅल्शियम क्लोराइडला तराजूवरच पाणी सुटतं आणि वजन खोटं पडतं. म्हणून त्याचं डायहायड्रेट (मुळातच पाणी धरलेले स्फटिक) घेतलं, घट्ट झाकणाच्या बाटलीतलं. मीठही ११० अंशांवर दोन तास सुकवून मगच तोललं.

पेशी २० टक्के, कॅल्शियम ०.२ मिलिमोलर, आयनोफोर ए२३१८७ दहा मायक्रोमोलर, तापमान ३७ अंश. आयनोफोर पेशींच्या पटलात वाटला जातो. पेशी दुप्पट घेतल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला निम्माच येतो. ०, ५, १० आणि २० मिनिटांनी केशनलिका भरून मिनिटाला १२,००० फेऱ्यांवर पाच मिनिटं फिरवल्या आणि तळाशी बसलेल्या पेशींच्या स्तंभाची उंची मोजली. व्होल्टेज पडलं की फेऱ्या कमी होतात आणि स्तंभ उंच दिसतो, म्हणून तुलना एकाच खेपेतल्या नळ्यांचीच.

आकसणं अपेक्षेपेक्षा संथ वाटतं. कारण दोष पोटॅशियमच्या दारात नसतो. ते सताड उघडलेलं असतं, पण क्लोराइडची वाट अरुंद, आणि जोडीचा ऋणभार गेल्याशिवाय पोटॅशियमला फार निघता येत नाही. मिठाऐवजी १२.३२ ग्रॅम सोडियम नायट्रेट घेऊन, त्याच द्रावणात पेशी धुवून पाहिलं, तेव्हा स्तंभ भराभर खाली आला, कारण नायट्रेट पटलातून क्लोराइडपेक्षा सहज जातं. या एका फरकाने मला हा विषय खऱ्या अर्थाने उलगडला.

पडताळणीच्या नळ्या वगळू नयेत. बाहेर १४५ मिलिमोलर पोटॅशियम असेल तर पेशी आकसत नाही. चॅनेल उघडं असतं, पण आतबाहेर पोटॅशियम जवळपास सारखंच असल्याने उतारच उरत नाही. दुसऱ्या नळीत क्लोट्रिमाझोल, दहा मायक्रोमोलर : गजकर्णाच्या मलमातलं हेच औषध हे चॅनेल बंद करतं. मलम नव्हे, शुद्ध भुकटी डीएमएसओ या द्रावकात विरघळवावी आणि तेवढंच डीएमएसओ बाकीच्या नळ्यांतही घालावं.

आकसून काटेरी झालेल्या पेशी नलिकेत घट्ट बसत नाहीत, मध्ये द्रव अडकतो आणि आकसणं कमी भासतं. म्हणून शेवटी ०.४ टक्के मिठाच्या पाण्यात त्यांचा कस पाहिला : ताज्या पेशींनी फुटून पाणी लालभडक केलं, आकसलेल्या बहुतेक तळाशी बसल्या.